दोरवेणीवाले आणि बेटावरचे रानटी

इ.स. 420 ते 589 या काळाला चीनच्या इतिहासात ‘दक्षिण आणि उत्तर राजवंशांचा काळ’ म्हणतात. पण त्या वेळच्या कोणत्याही दरबाराला आपण अर्ध्याच देशाचे धनी आहोत हे मान्य नव्हते. आकाशाखाली सम्राट एकच, ही चिनी राज्यविचाराची मूळ धारणा. मग समोरचा कोण? बंडखोर किंवा रानटी. दक्षिणेच्या ‘सोंग राजवंशाच्या ग्रंथा’त उत्तरेवरच्या प्रकरणाचे नावच ‘दोरवेणीवाले कैदी’ असे आहे. तिथल्या लोकांच्या वेण्यांवरून दिलेली ही शिवी. उत्तरेचा ‘वेई राजवंशाचा ग्रंथ’ही मागे नाही. त्यात दक्षिणेचे सम्राट ‘बेटावरचे रानटी’ म्हणून नोंदले आहेत.

या भांडणाची सुरुवात शंभर वर्षे आधीची. 311 मध्ये उत्तरेकडच्या भटक्या शिओंगनू लोकांच्या सैन्याने तेव्हाच्या जिन घराण्याची राजधानी लोयांग लुटली आणि खुद्द सम्राटाला पकडून नेले. मोठमोठी घराणी यांगत्से ओलांडून दक्षिणेला पळाली आणि 317 मध्ये जियानकांग, म्हणजे आजचे नानजिंग, इथे जिन घराण्याचा दरबार पुन्हा उभा राहिला. जुने ग्रंथ, विधी, शिष्टाचार आमच्याकडे आहेत, म्हणून खरा चीन आम्ही, असा त्यांचा दावा होता. 420 मध्ये गरीब घरातून वर आलेल्या ल्यू यू या सेनापतीने जिन घराण्याला बाजूला सारून सोंग राजवंश स्थापला. त्यापाठोपाठ ची, लिआंग आणि चेन आले. राजवंश बदलत गेले, राजधानी बहुतेक काळ जियानकांगच राहिली.

उत्तरेत शियानबेई या मूळच्या भटक्या लोकांच्या तुओबा घराण्याने 439 पर्यंत सगळा मुलूख एका छत्राखाली आणला. हा वेई राजवंश. 450 च्या अखेरीस त्यांचे सैन्य थेट यांगत्सेच्या काठावर, जियानकांगच्या समोर येऊन ठेपले होते. पण घोडदळाला ती नदी पार करता आली नाही, आणि दक्षिणेकडे उत्तरेत टिकून लढण्यापुरते घोडे नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे सीमारेषा मागेपुढे सरकत राहिली, त्याचे एक मोठे कारण हेच.

वेईचा सम्राट शिआओवेन मला या काळातला सर्वांत विलक्षण माणूस वाटतो. त्याने 494 मध्ये राजधानी पिंगचेंगहून (आजचे दातोंग) लोयांगला आणली. दरबारात शियानबेई भाषा आणि पेहराव यांना मनाई केली आणि 496 मध्ये स्वतःचे तुओबा हे आडनाव टाकून ‘युआन’ घेतले. लोयांगचा उन्हाळा न सोसवणारा त्याचा युवराज पिंगचेंगला पळून जायला निघाला, तेव्हा बापाने त्याचे पद काढून घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला मरण पत्करायला लावले.

दरबारातला वाद जेवणाच्या ताटातही दिसे. वांग सू हा दक्षिणेतून पळून आलेला सरदार सुरुवातीला मटण आणि दह्याला शिवत नसे. मासे खाई, चहा पिई. काही वर्षांनी शाही मेजवानीत तो मटण आणि दही भरपूर खाताना दिसला, तेव्हा शिआओवेनने नवल वाटून विचारले. मटण आणि मासे दोन्ही आपापल्या जागी थोर, चहा मात्र दह्याचा चाकर व्हायच्याही लायकीचा नाही, असे वांग सूने उत्तर दिले. तेव्हापासून लोयांगमध्ये चहाचे नावच ‘दह्याचा गुलाम’ पडले. आश्रयाला आलेल्या माणसाला किती गिळावे लागते, ते यात दिसते.

उलट बाजूची गोष्टही तितकीच बोलकी आहे. 529 मध्ये लिआंगचा सेनापती चेन छिंगझी सात हजार सैनिकांनिशी लोयांगमध्ये शिरला. ते शहर त्याच्या हाती फार दिवस राहिले नाही. भिक्षूच्या वेशात त्याला परतावे लागले. पण घरी आल्यावर तो उत्तरेच्या लोकांना मान देऊ लागला. लोयांग म्हणजे ओसाड माळ आणि नदीपलीकडे सगळे रानटी, असे आपण समजत होतो. खरी सभ्य माणसे तिथेच आहेत, असे तो सांगे.

तोवर उत्तर आतून फुटत होती. लोयांगच्या थाटात विसरल्या गेलेल्या सरहद्दीवरच्या ठाण्यांनी 523 पासून बंड केले आणि 534-535 मध्ये वेईचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. दक्षिणेचा घात उत्तरेतून आलेल्या होऊ जिंग या फितूर सेनापतीने केला. त्याने जियानकांगला वेढा घातला आणि 549 मध्ये लिआंगचा वृद्ध सम्राट वू स्वतःच्या राजवाड्यात उपासमारीने मेला. उज्जैनचे बौद्ध पंडित परमार्थ याच सम्राटाच्या निमंत्रणावरून 548 मध्ये तिथे पोहोचले होते. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराचे काम सुरू होण्याआधीच त्यांना भटकंती पत्करावी लागली.

त्या धक्क्यातून दक्षिण सावरलीच नाही. उत्तर पुन्हा एक झाली, 581 मध्ये तिथे सुई राजवंश आला आणि 589 मध्ये त्याने जियानकांग घेतले. चेनचा शेवटचा सम्राट दोन राण्यांसह विहिरीत लपलेला सापडला.

पुढे सुईनंतर आलेल्या थांग राजवंशाच्या काळात ली दाशी या विद्वानाला दोन्हीकडच्या ग्रंथांतल्या शिव्या खटकल्या. एक बाजू ‘दोरवेणीवाले’ म्हणते, दुसरी ‘बेटावरचे रानटी’, मग वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? त्याने सगळ्या राजवंशांचा एकत्रित इतिहास लिहायला घेतला, पण 628 मध्ये काम अर्धवट टाकून तो वारला. मुलगा ली यानशौ याने सोळा वर्षे खपून ते पुरे केले. 659 मध्ये ‘दक्षिणेचा इतिहास’ आणि ‘उत्तरेचा इतिहास’ हे दोन ग्रंथ दरबारात सादर झाले, आणि दोन्हीकडच्या सम्राटांना त्यांत सम्राट म्हणूनच जागा मिळाली.