‘चक्रीवादळ’ या शब्दामागे

समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की बातम्यांत ‘चक्रीवादळ’ हा शब्द येतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार जोराचा येतो: वारा किती सुटेल, काय काय उडून जाईल. शब्द मात्र जोराबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो वाऱ्याची वाट. त्याचं मूळ ज्या इंग्रजी ‘सायक्लोन’मध्ये आहे, तो घडवला गेला तोही वाट सांगण्यासाठीच, आणि तेही कोलकात्यात.

हेन्री पिडिंग्टन हा पूर्वी जहाजाचा कप्तान होता. पुढे कोलकात्याच्या सागरी चौकशी न्यायालयाचा तो अध्यक्ष झाला. बुडालेल्या, मोडलेल्या जहाजांची प्रकरणं त्याच्यासमोर येत. १८३९पासून तो बंगालच्या उपसागरातल्या वादळांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहू लागला. साधन एकच, जहाजांच्या नोंदवह्या. कोणत्या तासाला वारा कुठून होता, वायुभारमापक किती उतरला, हे अनेक जहाजांवरून गोळा करून नकाशावर मांडलं की वाऱ्याचं वर्तुळ उमटायचं. अमेरिकेत रेडफिल्ड आणि ब्रिटिश अधिकारी विल्यम रीड यांनी हे आधी दाखवलं होतं. पिडिंग्टनने ते हिंदी महासागरातल्या नाविकांच्या हाती दिलं.

त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचं. फेब्रुवारी १८४५मध्ये मॉरिशसजवळ ते वादळात सापडलं आणि वाऱ्यापुढे पळत राहिलं. पळता पळता त्याने वादळाच्या केंद्राभोवती पाच फेऱ्या मारल्या. कापलेल्या अंतराच्या मानाने ते निघालं तिथून फारसं लांब गेलंच नव्हतं! वारा गोल फिरतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही.

१८४८मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात पिडिंग्टनने ‘सायक्लोन’ हा शब्द सुचवला. ज्या ग्रीक शब्दावरून तो घेतला, त्याचा एक अर्थ सापाचं वेटोळं. निवड फार विचारपूर्वक होती. वारा अगदी अचूक वर्तुळात फिरतो असा दावा त्याला करायचा नव्हता. वळत जाण्याची प्रवृत्ती तेवढी सांगायची होती. पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या, त्यांवर वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या. चकती नकाशावर ठेवून केंद्र कोणत्या बाजूला आहे ते कप्तानाने ताडायचं. उत्तर गोलार्धात हा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की केंद्र साधारण उजव्या हाताला येतं. दक्षिण गोलार्धात सगळं उलट, त्यामुळे तिथली चकती वेगळी. केंद्र डोक्यावरून जाताना वारा पडतो आणि थोड्या वेळाने विरुद्ध दिशेने तसाच सुटतो, हेही या आकारातूनच कळतं. वादळ संपलं असं समजून बाहेर पडणाऱ्यांचा घात तिथेच होतो.

याच माणसाने १८५३मध्ये गव्हर्नर जनरलला लिहून कळवलं होतं की सुंदरबनात मातला नदीवर बंदर बांधू नका, वादळाबरोबर समुद्राचं पाणी आत घुसेल. बंदर बांधलं गेलं, त्याला व्हाइसरॉय कॅनिंगचं नाव दिलं गेलं आणि १८६७च्या वादळाने ते उद्ध्वस्त केलं. पिडिंग्टन १८५८मध्येच वारला होता. ही हकिकत वाचताना आजही चीड येते. मध्ये, ऑक्टोबर १८६४मध्ये, कोलकात्याच्या वादळात हजारो माणसं दगावली होती. त्यानंतरच, १८६५मध्ये, तिथल्या बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

मराठीत ‘तुफान’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला आणि रुळलेला होता. पण त्यात जोर आहे, आकार नाही. ‘चक्रीवादळ’मध्ये आकार आहे. शिवाय संस्कृत ‘चक्र’ आणि तो ग्रीक शब्द एकाच प्राचीन मुळाचे, त्यामुळे इथे भाषांतरात काही हरवलं नाही. भूगोलाच्या पुस्तकातला ‘आवर्त’ मात्र अधिक व्यापक: कमी दाबाभोवती फिरणारं कोणतंही वायुचक्र, मग ते सौम्य का असेना.

वेगाची अट नंतर जोडली गेली. आपल्याकडे वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की हवामान खातं ‘चक्रीवादळ’ म्हणतं, आणि २००४पासून तेव्हाच त्याला नावही मिळतं. किनाऱ्यावर मात्र लोक नावापेक्षा बंदरावर इशाऱ्याचा कितव्या नंबरचा बावटा लागला, हेच आधी विचारतात.