वजन घटवण्याचा शेवटचा टप्पा

आहार आणि व्यायाम आधीइतकाच असूनही ठरवलेल्या वजनाच्या जवळ येताना घट मंदावते, काही आठवडे काटा हलतच नाही. वजन घटवण्याच्या या शेवटच्या टप्प्यातली अडचण खरी आहे. शेवटचे चार-पाच किलो उतरायला सुरुवातीच्या तेवढ्याच किलोंपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मात्र ‘चयापचय बंद पडले’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण चुकीचे आहे. मुख्य कारण साध्या हिशेबात आहे: शरीर लहान होते तसा त्याचा खर्च घटतो आणि खाणे तेवढेच राहिले तर रोजची तूट, म्हणजे खर्च आणि खाणे यांतला फरक, आपोआप आक्रसत जाते.

विश्रांतीत शरीर किती कॅलरी खर्च करते याचा अंदाज १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने काढतात. किलोतील वजनाची १० पट अधिक सेंटीमीटरमधील उंचीची ६.२५ पट, त्यातून वयाची ५ पट वजा; मग स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा, पुरुषांसाठी ५ अधिक. ४० वर्षांची, १६० सेंमी उंचीची, ९० किलो वजनाची स्त्री घेतली तर उत्तर १,५३९ येते. बैठे काम आणि थोडेफार चालणे धरून १.४ने गुणले की दिवसाचा खर्च सुमारे २,१५५ कॅलरी. ती रोज १,६०० कॅलरी खात असेल तर तूट ५५५ची. एक किलो चरबीला अंदाजे ७,७०० कॅलरी धरल्या, तर आठवड्याला अर्धा किलो घट होते.

हीच स्त्री ६२ किलोवर आली, ध्येय ५८ किलो आहे. आता तिचा दिवसाचा खर्च सुमारे १,७६३ आणि त्याच १,६०० कॅलरींवर तूट उरते फक्त १६३. म्हणजे आठवड्याला जेमतेम १५० ग्रॅम, एका किलोला ४७ दिवस. तिने काहीही चुकवलेले नाही, तरी वेग तिपटीहून अधिक मंदावला.

प्रत्यक्षात खर्च या हिशेबापेक्षाही थोडा जास्त घटतो. याला चयापचयी अनुकूलन म्हणतात. लायबेल, रोझेनबाउम आणि हर्श या संशोधकांनी १९९५ साली दाखवले, की १० टक्के वजन घटवून ते टिकवणाऱ्यांचा एकूण खर्च सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. चरबी कमी झाली की लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक घटते, स्नायू तेच काम कमी ऊर्जेत करू लागतात आणि माणूस नकळत कमी हलतो: जास्त वेळ बसून राहतो, कमी वेळा उठतो. वरच्या उदाहरणात अनुकूलन ८० कॅलरींचेच धरले तरी तूट ८३वर येते आणि एका किलोला तीन महिने लागतात. अशा वेळी एका जेवणात ६०० कॅलरी जास्त गेल्या, की अख्ख्या आठवड्याची कमाई संपते.

तरीही केवळ खर्च उतरल्याने घट पूर्ण थांबते असे नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांच्या १९४४–४५मधील मिनेसोटा उपासमार प्रयोगात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचा विश्रांतीतील खर्च खूप खाली आला, तरी वजन सुमारे एक चतुर्थांश घटले.

खर्चापेक्षा भूक जास्त त्रास देते. संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मधुमेहाच्या रुग्णांवरील एका औषधचाचणीतून अंदाज काढला: घटलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो, पण भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणूनच अनेकांची घट सहा-आठ महिन्यांत थांबते, त्यात चयापचयापेक्षा हळूहळू वाढलेल्या खाण्याचा वाटा मोठा असतो. यात आळशीपणा किंवा इच्छाशक्तीचा अभाव शोधणे अन्यायाचे आहे. शरीर रोज जास्त मागत असते.

या टप्प्यावर मोजमापातल्या बारीक चुका निर्णायक ठरतात. अंदाजाने ओतलेल्या तेलातला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, १२० कॅलरींचा असतो. ५५५च्या तुटीत तो खपून जातो, १६३च्या तुटीत बहुतेक सगळी तूट खातो. दुसरी नेहमीची चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी, तर १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. तोलायचे कच्चे आणि नोंदवायचे शिजलेले, असे झाले की २२० कॅलरी हिशेबातून गायब होतात. व्यायामयंत्रावर दिसणारे कॅलरींचे आकडेही बऱ्याचदा फुगलेले असतात. तेवढे खाऊन भरपाई करू नये.

शिवाय घट झाली तरी ती दिसत नाही. मीठ, पोटातले अन्न, बद्धकोष्ठता, मासिक पाळी, नव्या व्यायामाने स्नायूंना आलेली सूज यांमुळे वजन एक-दोन किलो सहज वरखाली होते. त्यात आठवड्याचे १५० ग्रॅम कुठे दिसणार? म्हणून रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करावे, सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडावी. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी चक्रातल्या त्याच दिवसांची तुलना करावी. कंबरेचे माप सोबत घ्यावे.

चार आठवड्यांत सरासरी आणि कंबर दोन्ही जागची हलली नाहीत, तर आधी दोन आठवडे सगळे खाणे काट्यावर तोलून नोंदवावे. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडते. तरीही नाही, तर रोजच्या १०० ते १५० कॅलरी कमी कराव्यात किंवा ३,००० पावले वाढवावीत. तेवढ्या पावलांत जेमतेम शंभरेक कॅलरी खर्च होतात. एकदम ५०० कॅलरी कापणे इथे सगळ्यात महागात पडते. चरबी जितकी कमी, तितका घटीतला स्नायूंचा वाटा वाढतो. म्हणून प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम ठेवावीत (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून) आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम करावा. थकवा साचला असेल तर दोन आठवडे वजन स्थिर राहील इतके खावे. यामुळे चयापचय सुधारतेच असे सगळ्या चाचण्यांत दिसलेले नाही, पण भुकेपासून उसंत मिळते आणि तेही कमी नाही.

ठरवलेला आकडाही तपासून पाहावा. पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, झोप उडणे, डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार असणे ही घट थांबवून डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) १८.५च्या खाली नेणारे ध्येय ठेवू नये. वजन अचानक अडकले आणि सोबत सूज, केस गळणे किंवा नवे औषध असेल, तर थायरॉइडची तपासणी आणि औषधांचा आढावा घ्यावा.

ध्येय गाठल्यावर तूट बंद करून खाणे वाढवले, की पहिल्या आठवड्यात वजन अर्धा-एक किलो चढते. स्नायू आणि यकृतात साठणाऱ्या कर्बोदकाच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्याचे हे वजन असते, चरबीचे नव्हे. ते पाहून पुन्हा खाणे कापू नये. दोन-तीन आठवड्यांनंतरची सरासरी हेच नवे स्थिर वजन धरावे.