किती घ्यायचं? पुण्यातल्या फूड वॉक आणि कुकिंग क्लासची पार्श्वभूमी

पुरणपोळीच्या क्लासला कोणीही येवो, परदेशी पाहुणा किंवा पेठेतच वाढलेला पण चुलीपाशी कधी न गेलेला मुलगा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती घ्यायचं?" आज या प्रश्नाला वाटी-चमच्यात किंवा ग्रॅममध्ये उत्तर मिळतं. फार काळ ते मिळत नव्हतं. पुण्यात पारंपरिक जेवण शिकवण्याची आणि फिरून चाखवण्याची जी पद्धत आता रुळली आहे, तिचा इतिहास बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

मापं नव्हती असं नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक घराघरांत पाठ असे. पण ही मापं कोठीची होती. पंगतीला तांदूळ किती काढायचे, डाळ किती भिजत घालायची हे त्यांवर ठरे. शिधा चुलीपाशी पोचला की पुढचं सगळं अंदाजाने चाले: चिमूटभर हिंग, सुपारीएवढा गूळ, पिठात मावेल तेवढं पाणी. शिवाय ही मापं आकारमानाची. एक पायली तांदूळ आणि एक पायली डाळ यांचं वजन सारखं भरत नाही, आणि गावागणिक पायलीही बदले. सून सासूच्या हाताखाली वर्षभर राबली की तिला अंदाज येई. तोच क्लास.

पदार्थ लिहून ठेवण्याची परंपरा मात्र जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मिरची, बटाटा, शेंगदाणा, टोमॅटो यांचा पत्ता नाही, कारण या चारही गोष्टी अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजांच्या येण्यानंतर इकडे आलेल्या. त्याआधी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आलं होतं. फूड वॉकमध्ये हे आवर्जून सांगायला हवं. उपासाला चालणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, सगळं समुद्रापलीकडचं. तरी ती पुण्याची आहेच. 'पारंपरिक' म्हणजे अनादी काळापासून चालत आलेलं, एवढा एक गैरसमज या खिचडीच्या बशीने दूर होतो.

घराबाहेरच्या माणसाला घरचं जेवण वाढण्याची सवय पुण्याला विद्यार्थ्यांनी लावली. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. काही जण माधुकरी मागत. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, शिकायला येणारे वाढत गेले आणि घरगुती खानावळी उभ्या राहिल्या. चाळीस पानांची आमटी रोज सारखी लागली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्या खानावळीत जातं. माझ्या मते अंदाजाला पहिला शह इथे बसला. तेवढ्याच काळात स्वयंपाक शाळेच्या विषयांतही येऊ लागला. रमाबाई रानड्यांची पुण्याची सेवासदन १९०९ ची, महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं, आणि त्याच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्राला मानाची जागा होती.

मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले, कुटुंबं विखुरली, नव्या वसाहतींत राहायला गेली. एकत्र स्वयंपाकघरं इतर कारणांनीही मोडतच होती, पुराने ती एका दिवसात मोडली. ज्या घरात सासूच नाही तिथे सुनेने विचारायचं कोणाला? १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाने याचं उत्तर दिलं: वाटी आणि चमचा. प्रत्येक घरात असणारी भांडी हेच माप. आजचे पुण्यातले क्लास याच वाटीवर उभे आहेत, शिकवणारी बाई डिजिटल काटा वापरत असली तरी.

आता फेरीकडे, म्हणजे फूड वॉककडे. चांगली फेरी सकाळी आठला, आठ-दहा माणसांची, आणि मंडईपासून सुरू होते. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत आज महात्मा फुले मंडई आहे. इथे पदार्थापेक्षा महिना दाखवावा. चैत्रात कैरी, श्रावणात अळू, पौषात भोगीच्या भाजीचे पावटे, ओले हरभरे, गाजरं. अळवाचे दोन प्रकार शेजारी ठेवून दाखवावेत: वडीचं गडद देठाचं, भाजीचं हिरव्या देठाचं. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. म्हणून अळवाच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका हवाच, आणि पानं पुरती शिजायला हवीत. अर्धवट शिजलेली भाजी चिंचेनेही वाचत नाही.

तिथून तुळशीबाग दोन पावलांवर. पुरणयंत्र, मोदकपात्र, शेवेचा सोऱ्या इथेच हाताळायला मिळतात. वेळ असेल तर कसब्यातली तांबट आळी जरूर करावी. कल्हई का, हे तिथे पटतं: चिंच-गुळाची आमटी कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ठेवली की कळकते, हिरवट आणि बेचव होते. मिसळ फेरीच्या शेवटाकडे खावी. सुरुवातीला रस्सा पोटात गेला तर जीभ पुढचं काहीच घेत नाही. मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी असणं ही पुणेरी खूण.

बहुतेक फेऱ्या सदाशिव-नारायण पेठांत संपतात आणि पाहुणा 'पुणेरी म्हणजे बिनकांद्याचं, गुळाचं' असं समजून परततो. हे अर्धंच पुणं आहे, आणि अर्धं दाखवून पूर्ण म्हणणं मला खटकतं. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर वसलेलं कॅम्प, तिथलं १८७८ पासूनचं दोराबजी हॉटेल, १९५५ ची कयानी बेकरी, डेक्कनवरचं १९३५ चं गुडलक कॅफे, मटणाच्या खानावळी, सिंहगडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, हे सगळं त्यात यायला हवं. एका सकाळी जमत नसेल तर दोन फेऱ्या कराव्यात.

क्लाससाठी पुरणपोळी निवडतात, कारण तिच्यात चुका दिसतात. एक वाटी हरभरा डाळ तासभर भिजवून तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि थोडं तेल घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. डाळ बोटाने सहज चिरडली पाहिजे. कच्च्या डाळीत गूळ घातला तर ती नंतर कितीही शिजवा, मऊ होत नाही. पाणी निथळून बाजूला ठेवायचं, तो कट. डाळीत एक वाटी चिरलेला गूळ घालून आटवायचं. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. वेलची-जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की ते हाताला घाम फोडतं. दीड वाटी कणीक आणि अर्धी वाटी मैदा सैल भिजवून, तीन-चार चमचे तेल जिरवत मळून दोन तास झाकून ठेवायचं.

पोळी फुटण्याची कारणं तीनच: पुरण सैल, कणीक घट्ट, किंवा पुरण अजून गरम. सैल पुरण पुन्हा आटवता येतं, कोरडं झालं तर दुधाचा हबका पुरतो. पुरणाचा गोळा कणकेच्या गोळीच्या साधारण दुप्पट घ्यावा. नवशिके भीतीपोटी उलटं करतात आणि मग पोळी नुसती गोड चपाती लागते. लाटायला तांदळाची पिठी, तवा मध्यम, उलटणं कमीत कमी.

गोड्या मसाल्याला क्लासमध्ये वेगळा तास द्यावा. चार वाट्या धण्यांना एक वाटी सुकं खोबरं, अर्धी वाटी तीळ, पाव वाटी जिरं, अर्धी वाटी दगडफूल, आणि लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, हिंग बेताने. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडून होतात तेव्हा धणे कच्चेच असतात. दगडफुलात माती असते, ते निवडून झटकून घ्यावं. खोबरं काळपट झालं तर सगळा मसाला कडू होतो, गूळ घालून ते झाकत नाही. तीळ-खोबऱ्यामुळे हा मसाला लवकर खवट होतो, तेव्हा शिकणाऱ्यांनी एका वेळी थोडाच करावा.

आणि कट. त्यात दोन-तीन चमचे पुरण, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, मीठ, चवीपुरता गूळ घालून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्यावी आणि चांगली उकळी आणावी. ही आमटी करताक्षणी पातळ आणि जराशी उग्र लागते, मुरल्यावर ती खरी होते. म्हणून क्लासहून निघताना प्रत्येकाच्या हाती तिचा एक डबा द्यावा, आणि उद्या गरम करून भातावर घ्यायला सांगावं.