लॅक्टिक अम्ल : त्वचानिगेतील उपयोग

त्वचेच्या पृष्ठभागावरील मृत पेशींची एकमेकींवरची पकड सैल व्हावी व त्या सहज गळून पडाव्यात यासाठी लावण्यात येणारे एक कार्बनी अम्ल. ते आल्फा-हायड्रॉक्सी अम्लांच्या गटात मोडते. कार्बॉक्सिल गटाला लागून असलेल्या कार्बन अणूवर हायड्रॉक्सिल गट असणे, हे या अम्लांचे लक्षण होय. ग्लायकॉलिक अम्ल हा गटातील सर्वांत लहान रेणू (रेणुभार सु. ७६), लॅक्टिक अम्लाचा रेणुभार सु. ९०, तर मँडेलिक अम्लाचा सु. १५२ आहे. मोठा रेणू त्वचेत सावकाश शिरतो आणि म्हणून लॅक्टिक अम्ल ग्लायकॉलिकपेक्षा सौम्य, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते चूक नाही, पण या दोहोंच्या रेणुभारांतील अंतर पाहता अपुरे वाटते. सौम्यपणा मुख्यतः ठरतो तो अम्लाचे प्रमाण, मिश्रणाचा सामू (पीएच मूल्य; ते जितके कमी तितके मिश्रण अधिक आम्लधर्मी) आणि लावण्याची वारंवारता यांवर.

या उपयोगाचा उगम प्राचीन काळातील दुग्धस्नानात शोधण्याचा प्रघात आहे. ईजिप्तची राणी क्लीओपात्रा गाढविणीच्या दुधाने स्नान करीत असे, ही कथा यासंदर्भात नेहमी सांगतात. तिला समकालीन आधार मिळत नाही. रोमन सम्राट नीरो याची पत्नी पॉपीया हिच्याविषयीचा उल्लेख मात्र जुना आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथात (इ.स. पहिले शतक) ती ५०० दुभत्या गाढविणी बाळगीत असल्याचे नमूद केले असून, या दुधाने सुरकुत्या जातात व कांती मऊ होते अशी समजूत असल्याचेही लिहिले आहे. तथापि या स्नानाला अम्लोपचार म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. ताज्या दुधात असते ती दुग्धशर्करा. तिचे अम्लात रूपांतर होण्यासाठी जिवाणूंकडून किण्वन व्हावे लागते. ताज्या दुधातील लॅक्टिक अम्ल नगण्य असते. त्वचा मऊ झाली असल्यास ती स्निग्धांशामुळे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. दूध आंबवून वापरत असतील तर गोष्ट वेगळी. पण प्लिनीच्या वर्णनावरून तसे ठरवता येत नाही.

हे अम्ल प्रथम वेगळे केले ते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शीले यांनी, १७८० मध्ये, आंबलेल्या दुधातून. हे निराळे अम्ल नसून प्राणिज द्रव्य मिसळलेले ॲसिटिक अम्लच आहे, असा आक्षेप काही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पुढे घेतला होता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांच्या संशोधनानंतर तो मागे पडला. स्नायूंतही हेच अम्ल असल्याचे त्यांनी १८०७ च्या सुमारास दाखविले. किण्वनाचा उलगडा १८५७ मध्ये लुई पाश्चर यांनी केला.

त्वचारोगचिकित्सेत ते केव्हा आले, याविषयी १९७४ हे वर्ष सांगण्याची पद्धत आहे. त्या वर्षी यूजीन व्हॅन स्कॉट व रूई यू यांनी मत्स्यत्वचा (इक्थिओसिस) या खवलेदार त्वचाविकारांवर आल्फा-हायड्रॉक्सी अम्लांचा गुण येतो, असे दाखविणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पण लॅक्टिक अम्लाचा वापर त्याहून जुना असून त्वचाविकारांवरील त्याच्या उपयोगाचे लेखन १९४० च्या दशकातही आढळते. जेस्नर द्राव या सोलकाढू मिश्रणातही रेसॉर्सिनॉल व सॅलिसिलिक अम्ल यांच्या जोडीला ते असते. व्हॅन स्कॉट व यू यांचे श्रेय शोधापेक्षा, ही अम्ले एका गटात मांडून त्यांच्या कार्याची दिशा दाखविण्यात आहे, असे म्हणणे योग्य ठरेल.

कार्यपद्धतीबाबत मतभेद आहेत. बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या शृंगस्तरातील चपट्या मृत पेशी कॉर्निओडेस्मोसोम या प्रथिनबंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. अम्ल हे बंध वरून विरघळवते, ही लोकप्रिय समजूत अचूक नाही. व्हॅन स्कॉट व यू यांच्या निरीक्षणानुसार परिणाम शृंगस्तराच्या तळाशी, नव्याने घडत असलेल्या थरांत होतो. एका उपपत्तीनुसार अम्ल कॅल्शियम आयन बांधून ठेवते व कॅल्शियमवर अवलंबून असलेली पेशींची पकड त्यामुळे ढिली पडते. दुसरीनुसार सामू उतरल्याने कॅथेप्सिन-डी यांसारखी, अम्लधर्मी परिसरात काम करणारी प्रथिनविघटक एंझाइमे सक्रिय होतात. दोन्ही क्रिया एकाच वेळी होत असणे शक्य आहे. लॅक्टिक अम्लाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याचे लवण, म्हणजे लॅक्टेट, त्वचेतील नैसर्गिक आर्द्रताधारक द्रव्यांचा मुळातच एक घटक असून पाणी धरून ठेवते. एल-लॅक्टिक अम्लामुळे (लॅक्टिक अम्लाच्या एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एक) सिरॅमाइड या मेदद्रव्यांची निर्मिती वाढते, असेही १९९६ मधील एका अभ्यासात आढळले. कोरड्या त्वचेला हे अम्ल मानवते त्याचे कारण इथे असावे.

बाटलीवरील टक्केवारी पाहून तीव्रतेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. अम्लाचा मुक्त अंश त्वचेत सहज शिरतो. लवणरूप अंश फारसा शिरत नाही. लॅक्टिक अम्लाचा पीकेए (अम्लाची तीव्रता दर्शविणारा अंक) ३.८६ असल्याने त्या सामूला निम्मे अम्ल मुक्त असते. सामू ३.५ असता सुमारे ७०%, तर सामू ५ असता जेमतेम ७% अम्ल मुक्त राहते. म्हणजे ३.५ सामूच्या ५% सीरममध्ये सुमारे ३.५% मुक्त अम्ल मिळते. ५ सामूच्या १०% सीरममध्ये फक्त ०.७%. कमी टक्केवारीचे सीरम पाचपट तीव्र निघते ते असे. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन-घटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने ग्लायकॉलिक व लॅक्टिक अम्लांसाठी घरगुती उत्पादनांत कमाल १०% प्रमाण व किमान ३.५ सामू, या मर्यादा एकत्रच सांगितल्या, त्यामागे हेच तत्त्व आहे. उलट १२% अमोनियम लॅक्टेटचे लोशन उच्च सामूमुळे तुलनेने मवाळ असते आणि ते प्रामुख्याने तीव्र कोरडेपणावर वापरतात.

‘सौम्य’ हे विशेषण सापेक्ष आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे. कोणाची त्वचा संवेदनशील आहे हे ओळखण्याच्या प्रचलित चाचणीत नाकाशेजारच्या घडीवर लॅक्टिक अम्लच लावून झोंबते का ते पाहतात.

दिनक्रमात ते बहुधा रात्री, चेहरा धुऊन कोरडा केल्यावर लावतात व वर मॉइश्चरायझर देतात. सुरुवात ५% किंवा त्याहून कमी प्रमाणाने, आठवड्यातून एक-दोनदा करणे इष्ट. किंचित चुणचुण काही मिनिटांत ओसरते. आग होत राहिल्यास धुऊन टाकावे. फुटलेल्या, नुकत्याच वॅक्सिंग केलेल्या वा भाजलेल्या त्वचेवर लावू नये. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) वापरत असल्यास दोन्हींच्या रात्री वेगळ्या ठेवतात.

दिवसा सनस्क्रीन आवश्यक होय. १०% ग्लायकॉलिक अम्ल चार आठवडे लावल्यावर त्वचेची अतिनील किरणांबाबतची संवेदनशीलता वाढल्याचे व वापर थांबविल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाल्याचे आढळले आहे. आल्फा-हायड्रॉक्सी अम्लयुक्त प्रसाधनांच्या वेष्टनावर द्यावयाच्या ज्या इशाऱ्याची शिफारस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये केली, त्यातही वापराच्या काळात आणि त्यानंतर एक आठवडा उन्हापासून जपण्यास सांगितले आहे.