ठोका पडतो, पण पंपिंग का घसरतं?

पेसमेकर बसवलेल्या माणसाचा ईसीजी नीट पाहिला तर बहुतेक वेळा ठोक्याच्या आधी एक बारीक उभी रेघ दिसते. यंत्राने हृदयाला दिलेल्या विजेची ती खूण. तिच्यामागोमाग येणारी मोठी लाट म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत वीज पसरल्याची नोंद. निरोगी हृदयात ही लाट टोकदार आणि अरुंद असते. ईसीजीच्या कागदावरची एक बारीक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि ही लाट साधारण दोन-अडीच चौकटींत आटोपते. पेसमेकरने पाडलेल्या ठोक्यात तीच लाट चार चौकटींपर्यंत पसरते, काहींमध्ये त्याहूनही जास्त. या जादा दीड-दोन चौकटी काही जणांना वर्षानुवर्षांनी महागात पडतात. हृदयाचा स्नायू हळूहळू थकतो, कप्पा फुगतो आणि पंपिंग कमी होतं. डॉक्टर याला ‘पेसिंगमुळे होणारी कार्डिओमायोपॅथी’ म्हणतात.

पेसमेकर वाईट असतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग या शल्यविशारदांनी आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. तो तयार केला होता रूने एल्मक्विस्ट यांनी. लार्सनना दिवसातून अनेकदा झटके यायचे आणि शुद्ध हरपायची. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण पुढे एकामागून एक अशी २६ यंत्रं बदलत लार्सन २००१ सालापर्यंत जगले, ८६ व्या वर्षी गेले आणि तेही कर्करोगाने. पूर्ण हार्ट ब्लॉक असलेल्या, म्हणजे वरच्या कप्प्यांतली वीज खाली पोचतच नाही अशा माणसाला पेसमेकर अक्षरशः जीवदान देतो. प्रश्न एवढाच आहे, की वीज हृदयात नेमकी कुठून शिरते.

हृदयाची स्वतःची वायरिंग फार देखणी आहे. वरच्या उजव्या कप्प्यात ठिणगी पडते, मध्यावरच्या गाठीत क्षणभर थांबते, मग हिस बंडल नावाच्या बारीक जुडग्यातून खाली उतरून डाव्या-उजव्या फांद्यांत आणि पुढे पर्किंजे तंतूंच्या जाळ्यात पसरते. या तंतूंतून वीज सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते. साध्या स्नायूतून तिला पेशीपेशीतून वाट काढावी लागते, तिथे वेग सेकंदाला एक मीटरही भरत नाही.

पेसमेकरची तार गळपट्टीच्या हाडाजवळच्या शिरेतून आत सरकवतात आणि तिचं टोक पूर्वापार उजव्या खालच्या कप्प्याच्या तळाशी टेकवतात. तिथे स्नायूच्या गुंतागुंतीच्या घड्या असल्याने तार अडकून बसते, सहसा निसटत नाही, आणि एक्स-रेवर ती जागा सापडायलाही सोपी. अनेक दशकं हीच नेहमीची जागा होती. पण तिथून निघालेली वीज मुख्य वायरिंग टाळून स्नायूतूनच रांगत जाते. मधला पडदा आधी आकुंचतो. डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत तेव्हा सैल असते, त्यामुळे ती ताणली जाते. मग ती उशिराने आकुंचन पावते, तोवर पडदा सैलावू लागलेला असतो, आणि आता तो मागे ढकलला जातो. चिखलात रुतलेली गाडी दहा जणांनी एकदम ‘हैश्शा’ म्हणत ढकलली तर निघते. पाच जणांनी आधी आणि पाच जणांनी नंतर जोर लावला तर सगळे घामाघूम होतात आणि गाडी जागची हलत नाही. रक्त महारोहिणीत जाण्याऐवजी स्नायूची शक्ती एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीला ताणण्यात वाया जाते.

मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात, दहा वर्षांत जवळपास ३७ कोटी. प्रत्येक ठोक्यातली ही छोटीशी विसंगती साठत जाते. ज्या भागाला उशिरा वीज पोचते तो जास्त भार ओढतो आणि जाड होतो. लवकर आकुंचणाऱ्या भागाला काम कमी, त्याचा रक्तपुरवठाही घटतो आणि तो पातळ होऊ शकतो. झडपेला धरून ठेवणारे स्नायू एका वेळी न ओढल्याने काहींमध्ये डावीकडची झडप गळू लागते. यंत्राने पाडलेला ठोका नैसर्गिक ठोक्यापेक्षा कमी कार्यक्षम असतो हे कार्ल विगर्स यांनी १९२५ मध्येच प्राण्यांच्या हृदयावर दाखवलं होतं. पेसमेकर येण्याच्याही तीन दशकं आधी!

तरीही या धोक्याकडे गांभीर्याने पाहायला २००२ साल उजाडलं. त्या वर्षीच्या ‘डेव्हिड’ नावाच्या अमेरिकी चाचणीत पंपिंग आधीच कमकुवत असलेले ५०६ रुग्ण होते. त्यांना झटका देऊन हृदयाची लय सावरणारं यंत्र बसवायचं होतं, पण पेसमेकरची गरज नव्हती. एका गटात यंत्र फक्त गरज पडली तरच ठोका देई. दुसऱ्यात ते वरच्या-खालच्या दोन्ही कप्प्यांना ठोके देई, आणि त्यामुळे खालच्या कप्प्याचे जवळपास ६० टक्के ठोके यंत्राचेच पडत. दुसऱ्या गटाला फायदा होईल अशी अपेक्षा होती. झालं उलटं. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांपासून पहिल्या गटातले ८३.९ टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्यातले ७३.३ टक्के. माझ्या मते पेसिंगच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धक्का. काळजीपोटी दिलेला जास्तीचा ठोकाच त्रासाचा ठरू शकतो, हे त्यातून उघड झालं.

मग २००९ मध्ये हाँगकाँगच्या च्युक-मान यू यांच्या गटाने पंपिंग चांगलं असलेल्या १७७ रुग्णांवर अभ्यास केला. डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, यावरून पंपिंग मोजतात. वर्षभरानंतर फक्त उजवीकडून पेसिंग झालेल्यांचं सरासरी पंपिंग ५४.८ टक्क्यांवर आलं होतं. दोन्ही बाजूंनी पेसिंग झालेल्यांचं ६२.२ टक्के राहिलं.

सगळ्यांना हा आजार होत नाही. निरनिराळ्या अभ्यासांत उजव्या कप्प्याचं पेसिंग बराच काळ झालेल्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांमध्ये तो आढळला. काहींना काही महिन्यांतच होतो, काहींना कित्येक वर्षांनी. यंत्राचे ठोके वीस टक्क्यांहून जास्त असतील, पंपिंग सुरुवातीलाच थोडं कमी असेल किंवा पेसमेकरच्या ठोक्यातली लाट १५० मिलिसेकंदांहून रुंद असेल, तर धोका वाढतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे, जुना रक्तदाब, दारू अशी दुसरी कारणं नाहीत ना, हे तपासूनच डॉक्टर हे निदान करतात.

इथे आपल्याकडची एक सवय मला खटकते. पेसमेकर तपासणीला आपण ‘बॅटरी चेक करायला’ जायचं म्हणतो, आणि खरोखर तेवढंच करून परततो. तंत्रज्ञ छातीवर उपकरण धरतो, पडद्यावर आकडे येतात, ‘बॅटरी अजून सहा वर्षं आहे’ असं कळलं की घरचे निश्चिंत होतात. त्याच छापील अहवालात ‘व्हीपी’ असा एक टक्केवारीचा आकडा असतो. गेल्या तपासणीपासून खालच्या कप्प्याचे किती ठोके यंत्राने पाडले ते त्यातून कळतं. तो आकडा बॅटरीइतकाच महत्त्वाचा आहे. तो ९९ असेल आणि आजोबांना जिना चढताना दम लागत असेल, पाय सुजत असतील, रात्री दोन उशा घ्याव्या लागत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. पेसमेकर बसवण्याआधीचा इको जपून ठेवलेला असेल तर तुलना करता येते. नसेल तर घसरण झाली की मुळातच पंपिंग कमी होतं, हे ठरवणं अवघड जातं.

आता उपायांकडे. गाठीतून वीज खाली नीट उतरत असेल, फक्त वरची ठिणगी मंदावली असेल, तर यंत्राच्या सेटिंगमध्ये बदल करून खालच्या कप्प्याचं पेसिंग बरंच कमी करता येतं. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये मात्र पेसिंग टाळता येत नाही, तेव्हा वीज शिरण्याची जागा बदलावी लागते. डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीजवळ आणखी एक तार टाकली की दोन्ही बाजू जवळपास एकाच वेळी आकुंचतात, हीच सीआरटी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्टच्या चाचणीत उजव्या पेसिंगनंतर पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून खाली गेलेले ३६० रुग्ण होते. सीआरटी केलेल्यांपैकी ३२.४ टक्के रुग्णांमध्ये मृत्यू, हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं किंवा फुगलेला कप्पा पुरेसा लहान न होणं यांपैकी काहीतरी घडलं. न केलेल्यांत हे प्रमाण ७८.९ टक्के होतं.

दुसरा मार्ग आणखी सरळ आहे: वीज हृदयाच्या मूळ वायरिंगमध्येच सोडायची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी २००० साली १८ पैकी १२ रुग्णांमध्ये थेट हिस बंडलला कायमची तार जोडून दाखवली. तिथे तार टिकवणं कठीण जातं. मग २०१७ मध्ये चीनमधल्या वनझौच्या डॉक्टरांनी मधल्या पडद्यातून तार आरपार स्क्रूसारखी फिरवत डाव्या फांदीपाशी नेली. ती जागा पकडायला सोपी आहे, विजेचा खर्चही कमी, आणि ईसीजीतली लाट पुन्हा अरुंद होते. आता अनेक केंद्रांत पहिला पेसमेकर बसवतानाच हा मार्ग निवडला जातो.

वेळेत सापडलं तर घसरलेलं पंपिंग पुष्कळ रुग्णांमध्ये परत चढतं. मात्र वाचून घाबरून कुणी स्वतःचा पेसमेकर बंद करायला सांगू नये; पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये तोच ठोका माणसाला जिवंत ठेवतो. बॅटरी संपत आली की त्वचेखाली यंत्र ठेवलेली जागा उघडावीच लागते. त्याच वेळी नवी तार टाकणं सोयीचं पडतं, म्हणून बॅटरी बदलण्याच्या महिना-दोन महिने आधी एक इको करून घ्यावा आणि तो रिपोर्ट व्हीपीच्या आकड्यासोबत डॉक्टरांसमोर ठेवावा.