मेटल डिटेक्टिंग (छंद)

मेटल डिटेक्टिंग म्हणजे धातुशोधक यंत्र हातात घेऊन जमिनीत, वाळूत नाहीतर उथळ पाण्यात पडलेल्या धातूच्या वस्तू शोधत फिरायचा छंद. यंत्राला सगळे डिटेक्टरच म्हणतात, धातुशोधक हा शब्द पुस्तकातला. नाणी, अंगठ्या, बटणं, पट्ट्यांची बक्कलं, बंदुकीच्या जुन्या गोळ्या, क्वचित नैसर्गिक सोन्याचा गोळा असं काय काय सापडतं, पण त्याच्या कितीतरी पट जास्त सापडतात ते खिळे, बाटल्यांची बुचं, चॉकलेटच्या चांद्या आणि कॅनच्या ओढायच्या कड्या, आणि हे पहिल्या दोन-चार दिवसांत पचनी पडलं तर छंद टिकतो, नाहीतर मशीन माळ्यावर जाऊन पडतं. बाहेरच्या माणसाला हा गुप्तधनाचा नाद वाटतो, करणाऱ्याला विचाराल तर निम्मा छंद चालण्याचा आणि निम्मा कानांचा.

आधी थोडा इतिहास. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, एक गोळी अंगात नेमकी कुठे अडकलीय ते डॉक्टरांना कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं इंडक्शन बॅलन्स नावाचं यंत्र घेऊन आले. गोळी काही मिळाली नाही. पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या त्यांनी घोळ घातला असं सांगतात, शिवाय मुख्य डॉक्टर गोळी उजवीकडेच आहे यावर अडून बसलेले, त्यामुळे यंत्र फिरलं ते उजवीकडे आणि शवविच्छेदनात गोळी निघाली मणक्याच्या डावीकडे. पुढे गेरहार्ड फिशर नावाचा इंजिनिअर रेडिओने दिशा शोधायच्या यंत्रणेवर काम करत होता, धातू किंवा खनिजं जवळ असली की तिचं रीडिंग चुकतं हे दिसल्यावर त्याने तोच दोष कामाला लावला आणि १९३७ मध्ये डिटेक्टरचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी जोझेफ कोसात्स्की याने सुरुंग शोधायचं हातात धरायचं यंत्र बनवलं, १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याने ते वापरलं, आणि लढाई संपल्यावर हीच सैन्यातली जुनी मशीनं बाजारात आली, ती हौशी लोकांनी उचलली. गॅरेट, व्हाइट्स, ऑस्ट्रेलियाची मायनलॅब या कंपन्या नंतरच्या.

मशीन ऐकतं कसं

डिटेक्टरच्या टोकाला जी थाळी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट जातो त्यामुळे खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते धातूच्या तुकड्यात स्वतःचे छोटे भोवरे-करंट उठवतं, त्या भोवऱ्यांचं आपलं एक चुंबकीय क्षेत्र असतं, आणि दुसरं वेटोळं ते पकडतं. परत आलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या किती मागे पडला यावरून मशीन अंदाज बांधतं की तुकडा लोखंडाचा आहे, तांब्या-चांदीसारखा वीज चांगली वाहून नेणारा आहे, का मधलाच काही. या पद्धतीला व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी) म्हणतात आणि बहुतेक मशीनं याच जातीची.

आता इथेच नवीन माणूस फसतो. स्क्रीनवर ० ते ९९ असा आकडा येतो, लोकांना वाटतं मशीनने सोनं ओळखलं. मशीनला सोनं कळत नाही. त्याला कळते ती वीजवाहकता, आणि त्यातही आकार, जाडी, तुकडा आडवा आहे का उभा हे सगळं मिसळलेलं असतं. त्यामुळे सोन्याची नाजूक अंगठी आणि कॅनची ॲल्युमिनियमची कडी अगदी शेजारशेजारच्या आकड्यावर बसतात, कधीकधी एकाच. कचरा नको म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या आकड्यांचे आवाज गाळायची सोय, वाढवून कड्या बंद केल्या की त्यांच्याबरोबर अंगठ्याही बंद झाल्या, आणि तुम्हाला पत्तासुद्धा लागत नाही की काय मागे राहिलं. जुने जाणते म्हणूनच एकच सांगतात, मधल्या आकड्यांचं सगळं खणा. गंजलेला वाकडा खिळा तर मुद्दाम चांदीसारखा गोड आवाज काढतो, तो चकवा वेगळाच, पण मशीन काटकोनात फिरवून परत ऐकलं की त्याचा सूर तुटतो आणि तो बहुतेक वेळा पकडला जातो.

खोलीबद्दल तर इतक्या थापा चालतात की विचारू नका. छोटी वस्तू कॉइलपासून जराशी लांब असली तर अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल ६४ पट कमजोर होतो, कारण क्षेत्र जातानाही विरतं आणि येतानाही. म्हणून साध्या मशीनला एखादं नाणं २०-२५ सेंटीमीटरवर मिळालं तरी खूप झालं. मोठ्या लोखंडी पेटीसारखी वस्तू जास्त खोल लागते, मोठ्या कॉइलने अजून थोडी, पण मोठ्या कॉइलला बारीक वस्तू दिसत नाहीत, म्हणजे इकडून घ्यायचं तर तिकडून सोडायचं. दोन अँटेना लावलेलं आणि अर्ध्या किलोमीटरवरून सोनं दाखवतं म्हणून विकलं जाणारं जे काही असतं ती सरळ फसवणूक आहे. एडीई ६५१ नावाचा असाच एक दांडा बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकी सुरक्षा दलांना विकला गेला, मुळात तो गोल्फचे हरवलेले बॉल शोधायचं म्हणून विकलं जाणारं एक खेळणं होतं, आत चालणारं काहीच नाही, आणि विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

जमिनीत स्वतःचं लोहखनिज असतं, त्याची कुरकुर बंद करायला ग्राउंड बॅलन्स करतात, म्हणजे धातू नसलेल्या जागेवर कॉइल वरखाली हलवत मशीनला सांगायचं की ही माती, ही ऐकू नकोस. नवीन मशीनं हे आपोआप करतात, तरी लाल मुरमाड जमिनीवर हाताने केलेलं बरं पडतं.

सामान

मशीन सोडून सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली तर पिनपॉइंटर, गाजराएवढा छोटा डिटेक्टर, खड्ड्यात खुपसला की वस्तू नेमकी कुठल्या कडेला आहे ते थरथरून सांगतो. तो नसला तर मातीची मूठ उचल, कॉइलसमोर धर, टाक, दुसरी मूठ उचल, असं करत एका बुचासाठी पाव तास जातो. हेडफोन लागतातच, बारीक खोल सिग्नल स्पीकरवर ऐकूच येत नाही आणि आजूबाजूच्या लोकांनाही टिटिट् नको असते. गवतात करवती दातांचं हातखुरपं, वाळूत स्टीलचा भोकांचा स्कूप, कमरेला दोन कप्प्यांची पिशवी, एक सापडलेल्यासाठी आणि एक कचऱ्यासाठी. कचऱ्याचा कप्पा मोठा घ्या.

समुद्रकिनारा

किनाऱ्याची मजा अशी की खणायला सोपं, आणि माल रोज नव्याने पडतो. लोक पोहायला जातात, पाणी गार असलं की बोटं आकसतात, वरून सनस्क्रीनचं तेल, अंगठी कधी निसटली कळतसुद्धा नाही. कोरड्या वाळूत जिथे लोक चादरी-टॉवेल पसरून बसतात त्या पट्ट्यात सुटी नाणी आणि कानातली, खेळ चालतात तिथे साखळ्या, आणि कंबरभर पाण्याच्या आसपास अंगठ्या, असा साधारण हिशोब.

खरी कमाई ओल्या वाळूत, आणि तिथेच साधं मशीन वेडं होतं. मिठाचं पाणी स्वतः वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारा व्हीएलएफ डिटेक्टर लाटेच्या कडेला काही नसतानाही किंचाळत राहतो. यावर दोन उपाय आहेत. एक मल्टी-फ्रीक्वेन्सी मशीन, ते एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर ऐकून मिठाचा भाग वजा करतं. दुसरं पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय, ते करंटचे झटके देऊन लगेच बंद होतं आणि मागे काय घुमत राहिलंय ते ऐकतं, मिठाचं घुमणं लगेच विरतं आणि धातूचं रेंगाळतं. पीआय खोल जातं पण लोखंड आणि सोनं नीट वेगळं सांगत नाही, तेव्हा खणत बसायची तयारी पाहिजे.

वेळ ओहोटीची धरायची, तीही उधाणाच्या दिवसांतली. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली उतरते, आणि एरवी पाण्याखाली असलेली पट्टी दोन-तीन तास उघडी पडते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत ती पट्टी मिळतच नाही. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जायचं आणि वळलं की परत फिरायचं, हेडफोन लावून खाली बघत चालणाऱ्या माणसाच्या मागे पाणी कधी येतं ते त्याला कळत नाही, म्हणून घड्याळात गजर लावलेला बरा.

वादळानंतरचा दिवस तर सोडूच नये. लाटा वाळूचा वरचा थर ओढून नेतात, किनाऱ्यावर गुडघाभर उभी कड तयार होते आणि वर्षानुवर्षं खाली बसलेल्या जड वस्तू उघड्या पडतात. हलक्या वस्तू एकीकडे, जड एकीकडे असं समुद्र स्वतः पाखडून ठेवतो, त्यामुळे एका जागी मासेमारीची शिशाची वजनं भराभर लागायला लागली तर तिथून हलू नये, शिसं जिथे बसलं तिथे सोनंही बसायची शक्यता असते. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे, जुलै १७१५ मध्ये स्पेनचा चांदी-सोन्याने भरलेला ताफा तिथे चक्रीवादळात सापडला, ११ जहाजं फुटली, आणि वादळं झाली की त्यातली नाणी आजही वाळूत येतात. १९५० च्या दशकात किप वॅग्नर याने सैन्याचा जुना सुरुंगशोधक घेऊन त्याच किनाऱ्यावर शोध घेतला आणि त्यातून पुढे जहाजांचे अवशेषच मिळाले.

एक सिग्नल जवळून बघू. ओली वाळू, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून संथ डावी-उजवी, अचानक मधल्या पट्टीतला गोल मऊ सूर. थांबायचं, काटकोनात वळून परत फिरवायचं, सूर दोन्हीकडून तसाच, म्हणजे खणायचं. स्कूप सूर जिथे वाटला त्याच्या जरा मागे रोवायचा, पायाने दाबायचा, उचलायचा, आणि आधी खड्डा परत तपासायचा. खड्डा गप्प झाला तर वस्तू स्कूपात. लाटेत हलवला, वाळू भोकांतून गळाली, तळाशी शिंपल्याचे दोन तुकडे आणि एक चकाकणारं काहीतरी. चॉकलेटची चांदी, घडी घातलेली. पुढे चला. आणि खड्डा बुजवून चला, अंधारात त्यात कुणाचा तरी पाय मुरगळतो.

मोठे घबाड

१६ नोव्हेंबर १९९२ ला इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला म्हणून त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन शोधायला गेला आणि निघाली रोमन काळातली जवळपास १५ हजार सोन्या-चांदीची नाणी, वर चांदीचे चमचे आणि दागिने. हातोडाही नंतर सापडला, तो आता खजिन्याबरोबर ब्रिटिश म्युझियमकडे आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या नांगरलेल्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचे हजारो तुकडे मिळाले, बहुतेक तलवारींवरून उपटलेले, किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड आणि ती शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात १९८० मध्ये २७ किलोंचा सोन्याचा गोळा जेमतेम ३० सेंटीमीटर खाली मिळाला, नाव ठेवलं हँड ऑफ फेथ. आणि २०२३ मधला नॉर्वेचा माणूस मला सगळ्यात आवडतो, डॉक्टरांनी सोफ्यावरून उठायला सांगितलं म्हणून त्याने हा छंद धरला, सोनं दिसलं तेव्हा त्याला आधी ती चॉकलेटची नाणी वाटली, निघाली दीड हजार वर्षांपूर्वीची सोन्याची पदकं.

कायदा आणि खड्ड्याची किंमत

देशागणिक कायदा वेगळा. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी घेऊन फिरता येतं, संरक्षित स्मारकावर अजिबात नाही, आणि १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. स्वीडन आणि फ्रान्समध्ये सरकारी परवाना लागतो. आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय पुरातन वस्तू शोधणं गुन्हा आहे. अमेरिकेत फेडरल जमिनीवरच्या १०० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूला हात लावता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीम चालते, खजिन्यात न बसणाऱ्या साध्या वस्तूही लोक तिथे नोंदवतात, १५ लाखांवर वस्तूंची नोंद झालीय.

पुरातत्त्ववाल्यांचं या छंदाशी जुनं वाकडं आहे आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. नाणं उचललं की ते नाणंच राहतं पण कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं ही माहिती त्या क्षणी मेली. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ २०१० मध्ये एकाला मातीत नाणी आणि मडक्याचं तोंड दिसलं, त्याने खणणं थांबवलं आणि तज्ज्ञांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, थराथराने काढली म्हणून कळलं की सगळ्यात नंतरच्या राजाची, कॅरॉशिअसची, बरीचशी नाणी वर नसून अर्ध्याच्या खाली होती, म्हणजे वर्षानुवर्षं भर टाकलेली पुंजी ती नव्हे. उलट हेरफर्डशायरमध्ये २०१५ मध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला साठा गुपचूप विकायला काढला, २०१९ मध्ये दोघे तुरुंगात गेले आणि त्यातली बहुतेक नाणी अजून गायब आहेत.

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय होतं ते अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नला दिसलं. १८७६ च्या या लढाईच्या मैदानावरचं गवत १९८३ मध्ये आगीत जळालं, पुढच्या वर्षी हौशी डिटेक्टरवाले रांगेत चालले, प्रत्येक सिग्नलवर झेंडा रोवला, प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर मांडली. काडतुसावर आपटणाऱ्या बंदुकीच्या पिनचा ठसा बंदुकीगणिक वेगळा असतो, त्यामुळे एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हेसुद्धा काढता आलं. जुन्या रणांगणावर न फुटलेले गोळे असतात ते वेगळंच, संशय आला की लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

सापडलेल्या वस्तूचं काय करायचं तर शक्यतो काही नाही. जुनं तांब्याचं नाणं घासलं की वरचा हिरवा-तपकिरी थर जातो, त्याबरोबर अक्षरंही जातात. समुद्रातली चांदी काळी पडून येते, लोखंड वाळलं की पापुद्रे सुटून भुगा होतं, म्हणून ते गोड्या पाण्यात ठेवतात. सोन्याला काहीच करावं लागत नाही, पाण्याखाली शंभर वर्षं राहिलं तरी वाळू झटकली की झालं.