पित्ताच्या गांधी आणि साखरेचा आकडा

अंगावर पित्त उठलं, की आपल्याकडे आधी आमसुलाचं पाणी लावतात. गांधी बसल्या नाहीत, तर मग डॉक्टर. मधुमेह असलेल्या माझ्या मावशीचं असंच झालं. मान, दंड, पोट लाल गांधींनी भरलं होतं. पाच दिवस स्टेरॉइडची गोळी दिली आणि दुसऱ्याच दिवशी खाज थांबली. पण संध्याकाळी ग्लुकोमीटरवर आकडा आला 280. गोड खाल्लं असणार, म्हणून सगळे तिच्यावरच उखडले. तिनं साखरेचा कणही तोंडात घातला नव्हता.

गांधी उठवतं ते हिस्टामिन नावाचं रसायन. त्वचेतल्या मास्ट पेशींत त्याचे दाणे भरलेले असतात. ते सुटले, की बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि तेवढीच त्वचा फुगून येते. स्टेरॉइड हा दाह दाबतं खरं, पण त्याच वेळी यकृताला जास्त साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा असर कमी करतं. सकाळी घेतलेल्या गोळीनं साखर चढते ती दुपारनंतर. त्यामुळे फक्त उपाशीपोटी तपासलं तर काहीच कळत नाही. सेटिरिझिनसारख्या साध्या ॲलर्जीच्या गोळीनं साखर अशी चढत नाही.

ॲड्रेनॅलिन या हार्मोनचंही तसंच. ॲलर्जीनं घसा आवळून रक्तदाब कोसळतो, तेव्हा मांडीत त्याचंच इंजेक्शन देतात. ते मास्ट पेशींना आवरतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि यकृतातला साखरेचा साठाही रक्तात सोडतं. साखर उतरल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते, तेही ॲड्रेनॅलिनमुळेच. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना ही धडधड जाणवत नाही आणि ॲलर्जीच्या झटक्यात ते इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. अशा वेळी डॉक्टर ग्लुकागॉन देतात. साखर वाढवणारं हे हार्मोन वेगळ्या वाटेनं हृदयाला जोर देतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

हिस्टामिन आणि साखर या दोन्ही कथांत एक माणूस आहे. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग यांच्यासोबत इन्सुलिन शोधणारे चार्ल्स बेस्ट पुढे लंडनला शास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्याकडे गेले. 1927 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टामिन वेगळं काढलं. ते शरीरात मुळातच असतं, हे त्यामुळे पक्कं झालं.

मावशीनं मग रोज दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली आणि आकडे डॉक्टरांना कळवले. त्यांनी तेवढ्या दिवसांपुरती तिची मधुमेहाची औषधं वाढवली. गोळ्या संपल्यावर चार दिवसांत साखर पूर्वीसारखी झाली.